मराठवाड्यात प्रॉपर्टी एजंट व्हायचंय? आधी सातबारा वाचायला शिका

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात जमीन-प्लॉटच्या धंद्यात उतरणारे तरुण खूप वाढले. कारणंही समोर दिसतात. समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहतेय. लातूर आणि नांदेडला शिकायला येणाऱ्या लेकरांमुळे खोल्यांचा बाजार बारमाही झाला. तालुक्याच्या गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंगचे बोर्ड लागले. त्यामुळे गाडी आहे, बोलता येतं, ओळखी आहेत, म्हणजे एजंट होता येईल असं अनेकांना वाटतं.

होता येतं. पण आपल्या आठ जिल्ह्यांची एक गोष्ट वेगळी आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या जमिनींवर इनाम, कूळ, देवस्थान, वक्फ अशा जुन्या नोंदींचे थर आहेत, आणि काही कायदेही पुण्या-नाशिकपेक्षा निराळे लागू होतात. म्हणून इथे ज्याला कागद वाचता येतो तोच एजंट टिकतो. शेतकरी वावर विकतो तेव्हा बहुतेक वेळा घरात लग्न, दवाखाना किंवा कर्ज असतं. प्लॉट घेणारा मास्तर किंवा एसटीतला माणूस निवृत्तीची सगळी रक्कम एकाच कागदात घालतो. दोघंही तुमच्या शब्दावर चालतात, तेव्हा तो शब्द कागद बघूनच दिला पाहिजे. खाली लिहिलंय ते याच क्रमानं, कुठून सुरू करायचं आणि कशात वेळ घालायचा.

आधी ठरवा : काय विकणार आणि कुठे

सगळं करणारा एजंट पहिल्या वर्षी काहीच करत नाही. भाड्याची घरं, जुन्या घरांची-फ्लॅटची खरेदी-विक्री, नवे प्रकल्प आणि प्लॉटिंग, शेतजमीन, आणि मोठ्या शहरांत दुकानं-गाळे-औद्योगिक भूखंड, असे ढोबळ प्रकार आहेत. नव्या माणसानं भाड्यापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. रक्कम लहान असते, व्यवहार आठवड्यात होतो, आणि घरमालकांशी ओळख होते. आज ज्यांची खोली तुम्ही भाड्यानं लावून दिली, ते काका दोन वर्षांनी प्लॉट विकायला निघाले की पहिला फोन तुम्हालाच करतात. लातूरसारख्या ठिकाणी दहावी-बारावीचे निकाल आणि क्लासेसचे प्रवेश यांचा हंगाम एकट्यानंच वर्षाचं पेट्रोल काढून देतो. भाडेकरार मात्र नोंदवूनच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे हे त्याला आधीच सांगा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याची सवयही पहिल्यापासून लावून घ्या.

शेतजमीन पहिल्याच वर्षी हातात घेऊ नका. एखाद्या जुन्या, सचोटीच्या मध्यस्थाबरोबर हिंडा, त्याच्या चार-सहा फायली वाचा, मग स्वतः उतरा.

भाग निवडताना स्वतःला आवर घाला. शहरात असाल तर एक-दोन वसाहती, तालुक्याला असाल तर एका रस्त्याची पाच-सहा गावं. त्या भागात पायी फिरा. कोणत्या गल्लीत नळ किती दिवसांआड येतो, उन्हाळ्यात कोणत्या बाजूचे बोअर आटतात, पावसाळ्यात नाल्याचं पाणी कुठवर चढतं, विजेची डीपी कुठे आहे, शाळेची गाडी कोणत्या कोपऱ्यापर्यंत येते, हे सगळं वहीत टिपा. मराठवाड्यात गिऱ्हाईक आधी पाण्याचं विचारतं, मग भावाचं. वहीत दुसरा कप्पा भावाचा ठेवा : मागणारा किती मागत होता आणि सौदा प्रत्यक्षात किती फुटानं तुटला. या दोन आकड्यांतलं अंतर सहा महिने लिहून काढलं की त्या भागाची नाडी हाताला लागते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन मोफत बघता येते. कोणता दस्त किती रकमेला नोंदला गेला हे त्यात दिसतं. दर वर्षीचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडीरेकनर, त्याच विभागाकडे मिळतो. सरकारी दर आणि बाजारभाव यांचा ताळमेळ गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा एजंट पहिल्याच भेटीत वेगळा दिसतो.

महारेराची नोंदणी

रेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर नियमन ठेवणारा कायदा, २०१६ चा, आणि महाराष्ट्रात तो राबवणाऱ्या महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प बिल्डरला महारेराकडे नोंदवावा लागतो. प्लॉटिंगही यात येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. अशा प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून द्यायचा तर एजंटचीही नोंदणी हवी. जुन्या घराचा एका मालकाकडून दुसऱ्याकडे होणारा व्यवहार किंवा शेतजमीन यांना ही अट लागत नाही. तरी नोंदणी करून घ्याच. बँकेचा माणूस, बिल्डर आणि शिकलेलं गिऱ्हाईक आता पहिल्यांदा तोच नंबर विचारतं.

२०२३ पासून नोंदणीआधी प्रशिक्षण आणि परीक्षा आली. मान्यताप्राप्त संस्थेकडून २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग आयबीपीएस या बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत होणारी ऑनलाइन परीक्षा द्यायची. उत्तीर्ण झालात की सक्षमता प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर महारेराच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. वैयक्तिक नोंदणीचं शुल्क दहा हजार रुपये, फर्म किंवा कंपनी असेल तर एक लाख. नोंदणी पाच वर्षं चालते. परीक्षेला घाबरण्यासारखं काही नाही, पण फक्त परीक्षेपुरतं वाचू नका. चटई क्षेत्र म्हणजे काय, नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, गिऱ्हाइकांच्या पैशांतला ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, हे सगळं उद्या साइटवर उभं राहून तुम्हालाच सांगायचंय.

एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षरानं सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ नं. कोणत्याही प्रकल्पाचं पत्रक हातात आलं की आधी तो ‘पी’ चा नंबर महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा : ताबा कधीचा लिहिलाय, किती विकलं गेलंय, जमिनीवर दावा किंवा बोजा आहे का. जाहिरातीवर क्यूआर कोडही असायला हवा. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट विकून दिला, तर नियम मोडणाऱ्या एजंटला दिवसाला दहा हजार रुपये दंड आहे आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. ‘अजून नंबर यायचाय, तोवर बुकिंग घ्या’ असं सांगणाऱ्या बिल्डरला हात जोडून नमस्कार करा आणि उठा.

आता कागद

या भागावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण धंद्याचा जीव यात आहे.

महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा निघतो. एक काढा आणि समोर ठेवा. वर गाव, तालुका, गट क्रमांक. त्याच्या जवळच ‘भूधारणा पद्धती’ असते. तिथे ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर मालक साधारणपणे मोकळेपणी विकू शकतो. ‘वर्ग २’ असेल तर थांबा. त्या जमिनीला शासनाची अट आहे, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय, बहुधा नजराणा म्हणजे शासनाला द्यायची रक्कम भरल्याशिवाय, ती विकता येत नाही. धरणग्रस्तांना मिळालेली, सिलिंगमध्ये म्हणजे कमाल जमीन मर्यादेच्या कायद्यात वाटलेली, वतनाची, इनामाची अशी जमीन यात येते.

मग नावं बघा. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, म्हणजे भाऊबंदांचाही हिस्सा असू शकतो. ‘अ.पा.क.’ असेल तर नोंद झाली तेव्हा कुणीतरी अज्ञान होतं आणि पालनकर्त्याचं नाव लागलं. ते मूल आज सज्ञान झालंय का, आणि नसेल तर जिल्हा न्यायालयाची परवानगी आहे का, हे विचारा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि गिऱ्हाईक एकर-गुंठ्यात बोलतं, म्हणून हिशोब तोंडपाठ हवा : एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा लिहिलेला असतो, तो भावात धरायचा की नाही हे बैठकीआधी ठरलेलं बरं.

आणि उजवीकडचा ‘इतर अधिकार’ हा रकाना. नवी माणसं तो वाचतच नाहीत, आणि मराठवाड्यातली अर्धी भानगड तिथेच लिहिलेली असते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथे दिसतो. मालक म्हणेल कर्ज कधीच फिटलंय, तर बेबाकी म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला आणि बोजा कमी केल्याचा फेर, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, मागा. कुळाचं नाव असेल, किंवा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० मधल्या कलम ३८-ई, ५०-ब अशा नोंदी असतील, तर जमीन कुळाला कायद्यानं मिळालेली असू शकते. तिच्या विक्रीला परवानगी लागते का, हे वकिलाकडून आधी पक्कं करायचं. ‘मदतमाश’ म्हणजे कुणाला उपजीविकेसाठी दिलेलं इनाम, ‘खिदमतमाश’ म्हणजे देऊळ, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली जमीन. दोन्हींच्या नजराण्याचे नियम वेगळे आहेत आणि शासन ते बदलत आलंय, म्हणून सौद्याच्या वेळचा ताजा नियम तहसीलमध्ये जाऊन विचारा. दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. देवस्थान किंवा वक्फची नोंद दिसली की नव्या एजंटनं त्या जमिनीत हात घालूच नये. राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय संभाजीनगरला पाणचक्कीत आहे, शंका आली तर तिथल्या नोंदीशी ताडून बघता येतं. गायरान तर विकता येतच नाही, मग ताबा कितीही पिढ्यांचा असो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय जात नाही.

सातबारा आजचं चित्र दाखवतो. तो असा का झाला हे फेरफार सांगतो. ‘जुने फेरफार क्रमांक’ या ओळीत आकड्यांची रांग असते, ते सगळे काढा आणि जुन्याकडून नव्याकडे वाचा. खूप मागं जायची वेळ आली तर १९५४-५५ चं खासरा पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावं लागतं. त्याहून जुने मुंतखब म्हणजे निजामकाळातले इनामाचे कागद वगैरे उर्दू-फारसीत असतात, ते वाचणारे जाणकार संभाजीनगरात आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी अजून आहेत. डिजिटल सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ अशीही ओळ असते. तिथे ‘नाही’ असायला हवं. फेर प्रलंबित असेल तर कुणीतरी नोंदीसाठी अर्ज केलेला आहे, आणि तो कोण हे कळेपर्यंत इसार म्हणजे बयाणा द्यायचा नाही.

फेर वाचताना वारसाच्या फेरावर बोट ठेवा. आमच्याकडे नेहमी घडणारी गोष्ट सांगतो. आबा वारले, फेर ओढला, दोन मुलांची आणि आईची नावं लागली. मालकाला विचारलं, ‘बहिणी किती?’ तर उत्तर येतं, ‘दोघी हायत की, पण त्या दिल्या घरी सुखात हायत, त्यांचं काय म्हणणं नाय.’ हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, मग लग्न होऊन किती का वर्षं झालेली असेनात. तिचं काही म्हणणं नसेल तर तिनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं, किंवा खरेदीखतावर संमती देणार म्हणून सही करावी. आणि ते तिला नीट समजावून, तिच्या मर्जीनं झालं पाहिजे. राखी पौर्णिमेला घरी बोलावून घाईत अंगठा घेतलेला कागद कोर्टात टिकत नाही आणि माणूस म्हणून आपल्यालाही शोभत नाही. मी अशा घरी गेलो की ताईंचा नंबर मागून घेतो आणि स्वतः फोन करतो. कधी ताई हिस्सा मागतात, कधी ‘दादाला होऊ द्या’ म्हणतात. दोन्ही उत्तरं सौद्याआधी कळलेली चांगली. मेलेल्या भावाची बायको आणि लेकरं यांचंही तसंच.

शेतजमीन घेणारा शेतकरी हवा, म्हणजे त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावे कुठेतरी सातबारा हवा. नोकरदार गिऱ्हाईक हौसेनं शेत शोधायला येतं, त्याला हा प्रश्न गाडीत बसण्याआधीच विचारा.

तुकड्यांचा विषय वेगळा. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते क्षेत्र, ठरवलं गेलं. नंतर शहरालगतच्या भागासाठी शासनानं सवलतीही दिल्या. तरी ‘शेतातले दोन गुंठे देतो, चौघांची नावं सामाईकात टाकू, सातबारावर नाव लागंल’ अशी योजना कुणी सांगितली तर त्यात गिऱ्हाईक घालू नका. सामाईक सातबाऱ्यावर आपला तुकडा कोणता हे लिहिलेलं नसतं. पुढे एकजण विकायला निघाला की बाकीच्यांच्या सह्यांसाठी पायताण झिजतं.

प्लॉटचे कागद त्या मानानं थोडे. अकृषिक (एनए) आदेश, नगररचना विभागानं मंजूर केलेला ले-आउट, त्यात आपला प्लॉट नंबर, रस्त्याची रुंदी आणि ओपन स्पेस, आणि मूळ मालकापासून आजवरची खरेदीखतं. नकाशा हातात धरून जागेवर उभं राहा. ओपन स्पेसचाच प्लॉट पाडून विकल्याची प्रकरणं शहरोशहरी आहेत. संभाजीनगर, जालना, नांदेड अशा ठिकाणी गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटच्या, वसाहती मोठ्या आहेत आणि तिथे बाँडवर झालेले व्यवहार पिढीभर चालत आलेत. बाँड म्हणजे स्टॅम्प पेपरवरचा लिहून दिलेला कागद, त्यानं मालकी घेणाऱ्याकडे जात नाही. गुंठेवारी कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करून घेण्याची वाट झाली. गुंठेवारीतलं घर विकायला आलं तर मालकाला आधी महापालिकेतून नियमितीकरणाचा दाखला आणायला लावा. त्याला चार पैसे जास्तच मिळतील आणि घेणाऱ्याला कर्ज मिळण्याचा रस्ता उघडेल. सिडकोची घरं आणि एमआयडीसीचे भूखंड भाडेपट्ट्यावरचे असतात, हस्तांतराला त्यांची परवानगी आणि शुल्क लागतं. तो खर्च कुणी सोसायचा हे बैठकीत सुरुवातीलाच काढा.

एवढं सगळं वाचलं तरी शेवटचा शब्द वकिलाचा. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे तपासल्याचा वकिलाचा अहवाल, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हे दोन खर्च घेणाऱ्याला करायला लावा. खळखळ केली तरी लावाच.

मालक, जागा आणि टेप

विकायला जागा कुठून मिळतात? ओळखीतून. किराणा दुकानदार, पतसंस्थेचे मॅनेजर, बांधकाम ठेकेदार, मोजणीचं काम करणारे, निवृत्त गुरुजी, ही माणसं गावाची खबर ठेवून असतात. गावाकडे गेलात की पारावर बसा, चहा घ्या, पहिल्या भेटीत जमिनीचा विषय काढू नका. मालकानं ‘बघा कुणी असंल तर’ म्हटलं की लगेच त्याच्याकडून साधं पत्र लिहून घ्या : कोणती मालमत्ता, अपेक्षित भाव, किती दिवसांसाठी, दलाली किती. सही आणि तारीख. बऱ्याच जणांना हे मागायला संकोच वाटतो, पण नंतर ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’ असं ऐकण्यापेक्षा आधीचा संकोच परवडतो.

जागा गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी एकट्यानं बघा. पन्नास मीटरचा टेप गाडीत कायम असू द्या. ‘तीस बाय चाळीस’ म्हणून सांगितलेला प्लॉट मोजला की तोंडाला साडेअठ्ठावीस आणि मागं एकतीस भरतो, शेजाऱ्यानं कुंपण दीड फूट आत घातलेलं असतं. ते मापासकट लिहा, फोटो काढा, आणि मालकाला दाखवा. शेतजमिनीत टेपनं भागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी मागवा, आणि गट नकाशावर रस्ता कुठून आहे ते बघा. मराठवाड्यात रान चांगलं असतं, विहिरीला पाणी असतं, आणि जायला मात्र दुसऱ्याच्या बांधावरून जावं लागतं. शिवरस्ता किंवा पाणंद नकाशावर आहे पण जागेवर नांगरून टाकलेली आहे, असंही दिसतं. ती मोकळी करून मिळण्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पण तो वेळ सौद्यात धरावा लागतो. विहिरीत हिस्सा आहे का, मोटरीचं मीटर कुणाच्या नावे, पाइपलाइन कुणाच्या रानातून आलीय, हे शेजारच्या कास्तकाराला विचारलं की तो मालकापेक्षा खरं सांगतो.

महामार्ग, रिंगरोड, नवी एमआयडीसी यांच्या नावावर जागा विकू नका. अधिसूचना निघाली असेल तर तिची प्रत दाखवा, नसेल तर विषय काढू नका. आखणी बदलते, संपादन लांबतं, आणि पैसे अडकलेला माणूस तुमच्या दारात येतो.

बैठक, इसार, दलाली

बैठकीला दोन्ही पार्ट्या समोरासमोर बसवा. काहीजण मालकाला एक भाव आणि घेणाऱ्याला दुसरा सांगून मधली रक्कम खातात. तालुक्याच्या गावात ते महिन्याभरात फुटतं आणि मग कुणी चहाला बोलावत नाही. जुन्या घर-प्लॉटला आणि शेताला एक ते दोन टक्के दलाली बहुतेक ठिकाणी चालते, भाड्याला साधारण महिन्याचं भाडं. किती घेणार, कुणाकडून घेणार आणि कधी घेणार, हे तिघांच्या समोर पहिल्याच बैठकीत बोला. अर्धी इसाराला आणि अर्धी रजिस्ट्रीला, ही पद्धत मला सगळ्यात बरी वाटते. दलालीची पावती द्या. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि दलालीवर १८ टक्के कर लागतो. बिल्डर टीडीएस म्हणजे आयकराचा भाग आधीच कापून देतो, म्हणून पॅन, बँक खातं आणि हिशोबाची वही पहिल्या दिवसापासून नीट ठेवा.

इसारपावती घाईत लिहू नका. मालमत्तेचं पूर्ण वर्णन आणि चतुःसीमा, ठरलेली एकूण किंमत, दिलेली रक्कम आणि चेक किंवा आरटीजीएसचा तपशील, रजिस्ट्रीची मुदत, मोजणी, बोजा आणि बहिणींच्या सह्या कोण करून देणार, आणि सौदा मोडला तर इसाराचं काय, एवढं लिहिलेलं हवं. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम स्थावर व्यवहारात रोखीनं घेणं आयकर कायद्यात बसत नाही. रोखीचा आग्रह होतो, विशेषतः शेताच्या सौद्यात. तुमच्या हातून रोकड जाऊ देऊ नका आणि तुमच्या खात्यात दुसऱ्याचा इसार कधीच घेऊ नका, एका रात्रीसाठी सुद्धा नाही.

रजिस्ट्रीचा दिवस आणि त्यानंतर

मुद्रांक शुल्क महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत हद्दीप्रमाणे बदलतं. बाजारमूल्य आणि सौद्याची किंमत यात जे जास्त त्यावर ते आकारलं जातं. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. घर महिलेच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे प्रत्येक घरात सांगा. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, शेतजमिनीला तो साधारणपणे नसतो.

आदल्या दिवशी सातबारा पुन्हा ताजा काढा. खरेदीखताचा मसुदा दोन्ही घरांत वाचून दाखवा, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, आधारवरचं नाव आणि सातबारावरचं नाव यांचं अक्षर न् अक्षर जुळवा. ‘ज्ञानोबा’ आणि ‘ज्ञानदेव’ एवढ्या फरकानंही फेर अडतो. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे यंत्रावर उमटत नाहीत, त्यांना सकाळच्या पहिल्या वेळा घ्या आणि जेवणाची सोय बघा. साक्षीदार गावातले, ओळखीचे असावेत.

रजिस्ट्री झाली की बरेच एजंट फोन उचलायचं बंद करतात. काम तिथे संपत नाही. दस्ताची नोंद ऑनलाइन तहसीलकडे जाते, तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी फेर घेतात, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. मग मंडळ अधिकारी फेर मंजूर करतात. मधे काही त्रुटी निघाली तर पार्टीला ते कळतही नाही, म्हणून त्या काळात आठवड्याला एकदा तुम्हीच चौकशी करा. प्लॉट किंवा घर असेल तर मालमत्ता पत्रकावर आणि महापालिका किंवा नगरपालिकेच्या करनोंदीत नाव लावायचा अर्ज, वीजमीटरचं नाव, पाणीपट्टी, सोसायटी असेल तर तिथलं हस्तांतर, हे सगळं एका कागदावर लिहून द्या आणि पहिल्या चकरेला सोबत जा. फेर मंजूर झाला की नवा सातबारा काढा, मूळ खरेदीखत, सूची दोन, इसारपावती, सर्च रिपोर्ट आणि मोजणीचा नकाशा यांच्याबरोबर एका फायलीत लावा, आणि ती फाईल घेणाऱ्याच्या घरी स्वतः नेऊन द्या.